पात्रं विखुरलेलीच राहू द्या

अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या पूर्वेला डिस्नेला स्पायडरमॅनची राइड उभारता येत नाही. स्पायडरमॅनची कॉमिक्स काढणारी मार्व्हल कंपनी २००९पासून डिस्नेच्या मालकीची आहे. फ्लोरिडात ऑर्लँडोजवळ डिस्नेचं अवाढव्य संकुल आहे, त्यात चार मोठी थीम पार्क आहेत. तरीही हल्क, कॅप्टन अमेरिका किंवा एक्स-मेन यांना भेटायला माणसाला तिथून निघून काही मैलांवरच्या, प्रतिस्पर्धी युनिव्हर्सल कंपनीच्या पार्कात जावं लागतं. याला कारण आहे २२ मार्च १९९४चा एक करार. तो मार्व्हलने युनिव्हर्सलची तेव्हाची मालक कंपनी एमसीए हिच्याशी केला होता.

सुपरहिरोंच्या चाहत्यांमध्ये या कराराविषयी फार चीड आहे. पात्रं डिस्नेची, चित्रपट डिस्नेचे, मग पार्क दुसऱ्याचं का, असं ते विचारतात. डिस्नेने हवे तेवढे पैसे मोजावेत आणि हा तिढा एकदाचा सोडवावा, असंही म्हणतात. मला नेमकं उलट वाटतं. गेल्या तीस वर्षांत मनोरंजनाच्या धंद्यात मोठे मासे छोट्यांना गिळत गेले. प्रेक्षकाच्या हाती त्यातून जे थोडं शिल्लक राहिलं, त्यात या कराराचा वाटा मोठा आहे. पात्रांचे हक्क असे वेगवेगळ्या हातांत विखुरलेले असणं चांगलं आहे आणि ते तसेच राहावेत यासाठी नियामकांनी प्रयत्न करायला हवेत.

आधी करार समजून घेऊ. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाकडे कंपन्यांना जी कागदपत्रं द्यावी लागतात, त्यांच्यामुळे तो आज कोणालाही वाचायला मिळतो. युनिव्हर्सल आपल्या पार्कात ज्या पात्रांचा वापर करतं, ती पात्रं आणि त्यांच्या गोतावळ्यातली इतर पात्रं मिसिसिपीच्या पूर्वेला दुसऱ्या कुठल्याही थीम पार्कला वापरता येत नाहीत. म्हणजे एका अ‍ॅव्हेंजरसोबत सगळे अ‍ॅव्हेंजर्स अडकले, एका एक्स-मेनसोबत सगळे एक्स-मेन. नदीच्या पश्चिमेला मात्र ही मनाई नाही. कराराला संपण्याची ठरलेली तारीख नाही. युनिव्हर्सल राइड्स नीट चालवत राहील आणि पैसे देत राहील तोवर हक्क त्यांचे. या करारावर २८ मे १९९९ रोजी ऑर्लँडोच्या ‘आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर’ पार्कात मार्व्हलचं ‘बेट’, म्हणजे मार्व्हलच्या पात्रांचा परिसर, उघडलं. हल्कचं रोलर कोस्टर आणि स्पायडरमॅनची राइड ही त्यातली मुख्य आकर्षणं आजही तिथेच आहेत.

त्या वेळी मार्व्हल ही आजची मार्व्हल नव्हती. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतला कॉमिक्सचा बाजार कोसळला आणि डिसेंबर १९९६मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. चित्रपटांचे हक्कही असेच वाटले गेले होते. एक्स-मेन फॉक्स स्टुडिओकडे गेले, पुढे स्पायडरमॅन सोनीकडे. ज्यांनी हे हक्क घेतले त्यांनी तेव्हा जोखीम घेतली होती. सुपरहिरोंचे चित्रपट जगभर अब्जावधींचा गल्ला जमवतील, अशी खात्री त्या काळी कोणीही देऊ शकत नव्हतं.

डिस्नेने मार्व्हल विकत घेतली ती सुमारे चार अब्ज डॉलरला. ३१ ऑगस्ट २००९ला घोषणा झाली आणि वर्ष संपता संपता व्यवहार पुरा झाला. तेव्हा हा करार पंधरा वर्षांचा होता आणि बेट उघडूनही दहा वर्षं झाली होती. डिस्नेच्या वकिलांना ते ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? भाडेकरू राहत असलेलं घर आपण त्या हिशेबाने घेतो आणि ताबा मिळाल्यावर भाडेकरूला बाहेर काढण्याचा हक्क त्यातून येत नाही. डिस्नेने मोजलेल्या किमतीत ही अडचण धरलेलीच होती. त्यामुळे डिस्नेवर अन्याय झाला, या तक्रारीत मला तथ्य दिसत नाही.

युनिव्हर्सलच्या बाजूलाही मालक किती बदलले ते पाहण्यासारखं आहे. करार झाला तेव्हा एमसीए जपानच्या मात्सुशिता कंपनीकडे होती. १९९५मध्ये ती कॅनडाच्या सीग्रमकडे गेली. सीग्रमचा मूळ धंदा मद्याचा. २००० साली ती फ्रान्सच्या विवेंदीकडे गेली, २००४मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या एनबीसीशी जोडली गेली आणि २०११मध्ये केबल टीव्हीवाल्या कॉमकास्टच्या ताब्यात आली. जपान, कॅनडा, फ्रान्स, अमेरिका अशी ही मालकीची फिरती. या सगळ्या उलथापालथीत ऑर्लँडोच्या बेटावर हल्कचं कोस्टर चालू राहिलं. विलीनीकरण झालं की नवा मालक जुनं गुंडाळतो, हा अनुभव आपल्याला सगळीकडे येतो. इथे तसं झालं नाही, कारण कागद पक्का होता.

चाहत्यांची चीड इथे जरा बाजूला ठेवू आणि या अडथळ्यातून काय निपजलं ते पाहू. डिस्नेला फ्लोरिडात अ‍ॅव्हेंजर्स वापरता येत नव्हते. मग त्यांनी मार्व्हलच्या गोदामात युनिव्हर्सलने हात न लावलेलं काय आहे ते शोधलं. ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ ही फारशी कोणाला ठाऊक नसलेली टोळी चित्रपटामुळे लोकप्रिय झाली होती. तिच्यावर त्यांनी फ्लोरिडातल्या आपल्या एपकॉट पार्कात मे २०२२मध्ये एक राइड उघडली. तिचं रोलर कोस्टर उलट्या दिशेने सुटतं आणि डबे प्रसंगाकडे वळत जातात. राइडच्या नावात ‘मार्व्हल’ हा शब्द नाही. स्पायडरमॅन हाताशी असता तर डिस्नेने सोपा मार्ग धरला असता आणि हा प्रयोग बहुधा झालाच नसता. पश्चिमेला आणि परदेशात, जिथे मनाई नव्हती तिथे डिस्नेने मार्व्हल वापरलंच: हाँगकाँगला २०१७मध्ये आयर्न मॅन, कॅलिफोर्नियात २०२१मध्ये आणि पॅरिसला २०२२मध्ये अ‍ॅव्हेंजर्सचा परिसर. म्हणजे डिस्ने उपाशी राहिलं नाही. एका शहरात एका बाबतीत त्यांना प्रतिस्पर्धी उरला, एवढंच.

दुसऱ्याच्या पात्रांवर पार्क उभारण्याची रीत काही युनिव्हर्सलची एकट्याची नाही. डिस्नेची आजची कितीतरी नामांकित आकर्षणं उसन्या पात्रांवर उभी राहिली. ‘स्टार वॉर्स’वरची पहिली राइड डिस्नेलँडमध्ये १९८७ साली आली. तेव्हा लुकासफिल्म डिस्नेची नव्हती, ती त्यांनी २०१२मध्ये विकत घेतली. त्याआधीची पंचवीस वर्षं डिस्ने परवानाधारक होतं. २०१७मध्ये डिस्नेच्या अ‍ॅनिमल किंगडम पार्कात ‘अवतार’वर आधारलेला परिसर उघडला. हा चित्रपट त्या वेळी प्रतिस्पर्धी फॉक्स स्टुडिओचा होता. युनिव्हर्सलने २०१०मध्ये वॉर्नर स्टुडिओच्या हॅरी पॉटरवर पार्कात अख्खं गाव वसवलं आणि गर्दी लोटली. त्यानंतरच्या वर्षीच डिस्नेने ‘अवतार’चा करार जाहीर केला. मग डिस्नेने ‘स्टार वॉर्स’चा मोठा परिसर बांधला, तर युनिव्हर्सलने मे २०२५मध्ये ‘एपिक युनिव्हर्स’ नावाचं नवं पार्क उघडून त्यात पॉटरच्या जगाचा आणखी एक भाग उभा केला. एकाचं पाहून दुसरा पेटून उठतो, या चढाओढीवर ऑर्लँडो गेली पंधरा-वीस वर्षं चाललं आहे. ही चढाओढ शक्य झाली कारण ‘स्टार वॉर्स’वाले लुकास, ‘अवतार’वाले कॅमेरॉन, हॅरी पॉटरच्या लेखिका रोलिंग, वॉर्नर, मार्व्हल हे सगळे एका छताखाली नव्हते. पात्रांचा मालक एक आणि पार्कवाला दुसरा, असं होतं. प्रत्येक पात्राच्या मालकाला पार्कवाला निवडता येत होता आणि प्रत्येक पार्कवाल्याला पात्र शोधावं लागत होतं.

आता विलीनीकरणाने उलटं काय घडतं तेही पाहू. मलेशियात क्वालालंपूरजवळच्या गेंटिंगच्या डोंगरावर कॅसिनो आणि हॉटेलं आहेत. आपल्याकडचे पर्यटकही तिथे मोठ्या संख्येने जातात. तिथे फॉक्स स्टुडिओच्या चित्रपटांवर आधारलेलं जगातलं पहिलं थीम पार्क उभं राहणार असं २०१३मध्ये जाहीर झालं. बांधकाम रखडत रखडत पुढे गेलं. दरम्यान डिस्नेने फॉक्स विकत घ्यायचं ठरवलं. नोव्हेंबर २०१८मध्ये गेंटिंग मलेशियाने कॅलिफोर्नियातल्या न्यायालयात फॉक्स आणि डिस्नेवर एक अब्ज डॉलरहून अधिक नुकसानभरपाईचा दावा लावला. कुटुंबांसाठीच्या डिस्नेला कॅसिनोशेजारचं पार्क नको आहे, म्हणून फॉक्सने करार मोडला, असा गेंटिंगचा आरोप होता. फॉक्सचं म्हणणं होतं की गेंटिंगने मुदती पाळल्या नाहीत. २०१९च्या जुलैत तडजोड झाली. पार्क अखेर २०२२मध्ये उघडलं, पण नावातून फॉक्स गेलं होतं आणि ठरलेल्यापैकी काहीच चित्रपट वापरायला मिळाले होते.

खरं-खोटं कोणाचं हे न्यायालयाने ठरवलं नाही, त्यामुळे मीही ठरवत नाही. पण या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की विलीनीकरणाचा खरा परिणाम दिसतो. मार्व्हलच्या करारात नवा मालक येऊनही जुना परवानाधारक टिकला. गेंटिंगच्या बाबतीत नवा मालक दारात दिसताच जुना परवानाधारक न्यायालयात पोहोचला. फरक कराराच्या कलमांचा होता. लोकहिताचा विचार दोन्हीकडे कोणीही केला नाही, कारण तो करणं कोणाचं काम आहे हेच ठरलेलं नव्हतं.

फॉक्सचा व्यवहार ७१.३ अब्ज डॉलरचा होता. कॉमकास्टनेही बोली लावली होती आणि चढाओढीत किंमत वाढत गेली. २० मार्च २०१९ रोजी व्यवहार पुरा झाला आणि हॉलिवूडचे सहा मोठे स्टुडिओ पाच झाले. अमेरिकेच्या न्याय खात्याने मंजुरी देताना अट घातली ती फॉक्सच्या २२ प्रादेशिक क्रीडावाहिन्या विकण्याची, कारण डिस्नेकडे ईएसपीएन ही क्रीडावाहिनी होतीच. क्रीडावाहिन्यांचा बाजार मोजता येतो, केबलचे दर मोजता येतात. एक्स-मेन, फॅन्टास्टिक फोर, ‘अवतार’, ‘आइस एज’ ही सगळी जगं एका कंपनीकडे गेल्यावर उद्या दुसऱ्या पार्कवाल्याला, खेळणीवाल्याला, गेम बनवणाऱ्याला दार उघडं राहील का, हा प्रश्न मंजुरीच्या अटींत आला नाही. ‘आइस एज’ बनवणारा ब्लू स्काय हा अ‍ॅनिमेशन स्टुडिओ डिस्नेने २०२१मध्ये बंद केला. चित्रपटातले एक्स-मेन मार्व्हलकडे परत आले म्हणून चाहत्यांनी आनंद साजरा केला. ब्लू स्कायमध्ये वर्षानुवर्षं काम केलेले चित्रकार त्याच व्यवहारात घरी बसले, त्याची चर्चा त्या मानाने फार थोडी झाली.

‘परत आले’ म्हणताना कोणाकडे परत आले, हेही विचारायला हवं. सुपरमॅन निर्माण करणाऱ्या जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी १९३८मध्ये त्याचे हक्क १३० डॉलरला विकले. १९७५ साली, सुपरमॅनवर मोठा चित्रपट येऊ घातला असताना आणि वर्तमानपत्रांत बोभाटा झाल्यावर, सुपरमॅनचे हक्क तेव्हा ज्यांच्याकडे होते त्या वॉर्नरने त्यांना वर्षाला २० हजार डॉलर निवृत्तिवेतन आणि श्रेयनामावलीत नाव दिलं. मार्व्हलची अर्धी सृष्टी ज्यांच्या हातातून उतरली त्या कॉमिक्स चित्रकार जॅक कर्बींच्या वारसांचा मार्व्हलशी वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत गेला आणि २०१४मध्ये तडजोडीने मिटला. एखाद्या पात्रावर नैतिक हक्क कोणाचा असेल तर तो अशा माणसांचा. डिस्ने आणि युनिव्हर्सल या दोघी खरेदीदारच. एकीने १९९४मध्ये थोडं घेतलं, दुसरीने २००९मध्ये उरलेलं. यात एक खरी मालकीण आणि दुसरी उपरी असं काही नाही.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप रास्त आहे. मुदतच नसलेला करार चांगला कसा? ऑर्लँडोचं ते बेट अजूनही नव्वदच्या दशकातल्या कॉमिक्सच्या रूपातच आहे. आजच्या मुलांना ठाऊक असलेले चित्रपटांतले चेहरे तिथे नाहीत. हक्क धरून ठेवले की नवीन काही करण्याची निकड उरत नाही, हे मला मान्य आहे. अमर्याद मुदतीचे करार होऊ नयेत असंच मलाही वाटतं. पण मुदत ठरवायची ती करार करताना, किंवा कायद्याने सगळ्यांसाठी सारखी. अधिक श्रीमंत खरेदीदार आला म्हणून मध्येच ती संपवणं हा वेगळा प्रकार आहे. आणि मुदत संपली की काय होतं याचंही उदाहरण आहे. जपानमध्ये ओसाकाच्या युनिव्हर्सल पार्कातली स्पायडरमॅनची राइड २००४पासून चालू होती, ती जानेवारी २०२४मध्ये कायमची बंद झाली. जपानी प्रेक्षकांची ती अतिशय लाडकी राइड होती. मुदतीनंतर हक्क मूळ कंपनीकडे जाणार असतील आणि ती कंपनी स्वतःच पार्कवाली असेल, तर मुदतीचा फायदा तिलाच होतो. म्हणून नुसती मुदत पुरत नाही. मुदतीनंतर तो परवाना इतरांना वाजवी अटींवर मागता आला पाहिजे.

हा सगळा दूरदेशीचा मामला वाटेल, पण याचं दुसरं टोक आपल्या दिवाणखान्यात आहे. डिस्नेचा भारतातला स्टार समूह आणि रिलायन्सचा व्हायकॉम१८ यांचं विलीनीकरण १४ नोव्हेंबर २०२४ रोजी पूर्ण झालं. या संयुक्त कंपनीचं मूल्य तेव्हा ७०,३५२ कोटी रुपये धरलं गेलं. तिच्यात डिस्नेचा वाटा ३६.८४ टक्के आहे. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या दोन वाहिन्या त्या दिवसापर्यंत एकमेकींच्या स्पर्धक होत्या. त्या एका घरात आल्या. फेब्रुवारी २०२५मध्ये जिओहॉटस्टार सुरू झालं आणि डिस्ने, वॉर्नर, युनिव्हर्सल हे अमेरिकेत एकमेकांशी झुंजणारे तिघेही आपल्याकडे एकाच अ‍ॅपमध्ये शेजारी बसले. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२४मध्ये या विलीनीकरणाला अटींसह मंजुरी दिली. चर्चेचा भर क्रिकेटवर आणि क्रिकेटच्या जाहिरातींवर होता. अमेरिकेत क्रीडावाहिन्या, इथे क्रिकेट. खेळाचे हक्क सर्वांना दिसतात. कथा आणि पात्रांचे हक्क कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत.

मराठी मालिकेचा लेखक जेव्हा नवं पात्र घेऊन जातो, तेव्हा त्याला किती दारं आहेत यावर त्याचा भाव ठरतो. स्टार प्रवाहने नाकारलं तर कलर्स मराठी, नाहीतर झी मराठी, नाहीतर सोनी मराठी. झी आणि सोनी यांचंही विलीनीकरण जवळपास झालंच होतं, ते जानेवारी २०२४मध्ये फिसकटलं. ते झालं असतं तर या चार दारांची दोनच उरली असती. दोनच दारं उरली की करारात पुढे काय येतं हे लेखकाच्या हातात राहत नाही: पात्राचे सगळे हक्क, सगळ्या माध्यमांत, सगळ्या जगात, कायमचे. एखादं मराठी पात्र उद्या मुलांच्या खेळण्यावर, मोबाइल गेममध्ये किंवा खोपोलीच्या इमॅजिकासारख्या पार्कात गेलं, तर ज्याने ते घडवलं त्याला काही मिळेल की नाही, हे सही करतानाच ठरून गेलेलं असतं.

आपला कायदा या बाबतीत अमेरिकेपेक्षा चांगला आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार हक्क हस्तांतराच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरताच धरला जातो. २०१२च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट आणली. करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचे हक्क त्या करारात नावानिशी लिहिल्याशिवाय जात नाहीत. या दुरुस्तीसाठी गीतकार आणि संगीतकार अनेक वर्षं झगडले होते. पळवाटही उघड आहे: कंपनीने मुदतीच्या रकान्यात ‘कायमची’ असं लिहिलं की पाच वर्षांचं संरक्षण गळून पडतं. मला वाटतं, पात्रांच्या हक्कांबाबत तरी मुदतीला कायद्यातच कमाल मर्यादा असावी. पंधरा वर्षं म्हणा, वीस म्हणा. त्यानंतर लेखकाशी पुन्हा बोलणी व्हावीत.

अमेरिकेत पुढचा अंकही सुरू झाला. डिसेंबर २०२५मध्ये नेटफ्लिक्सने वॉर्नरचा स्टुडिओ आणि स्ट्रीमिंगचा व्यवसाय घेण्याचा करार जाहीर केला आणि काही दिवसांतच पॅरामाउंटने थेट भागधारकांपुढे आपली बोली मांडली. वॉर्नर कोणाच्याही हाती गेली तरी बॅटमॅन आणि सुपरमॅन पुन्हा एकदा मालक बदलणार, हे तेव्हाच दिसत होतं. वॉर्नरने अडीच दशकांत मालक म्हणून एओएल पाहिली, एटी अँड टी पाहिली, डिस्कव्हरी पाहिली. या सगळ्यात बॅटमॅनच्या राइड्स सिक्स फ्लॅग्स या पार्क चालवणाऱ्या कंपनीच्या पार्कांत चालू राहिल्या, कारण तो परवाना वेगळ्या कंपनीकडे होता. अबू धाबीच्या यास बेटावरचं वॉर्नरचं पार्क, जिथे दुबईला गेलेली आपली मराठी कुटुंबंही पोहोचतात, तेही मिराल या स्थानिक कंपनीचं आहे. मे २०२५मध्ये डिस्नेने त्याच बेटावर त्याच मिरालसोबत नवं डिस्नेलँड उभारण्याचं जाहीर केलं. एका बेटावर, एकाच स्थानिक कंपनीकडे, दोन हाडवैरी स्टुडिओंची पात्रं. हे चालू शकतं याचा पुरावा तिथे उभा राहतो आहे.

नियामकांनी काय करावं, याचं उत्तर यातच आहे. विकल्या जाणाऱ्या कंपनीने पात्रांचे जे परवाने दिलेले आहेत त्यांची यादी मंजुरीआधी जाहीर करायला लावावी. ते परवाने मोडणार नाही, मुदत संपल्यावर निदान दहा वर्षं तशाच अटींवर वाढवून देईन, आणि स्वतःच्या पार्क किंवा वाहिन्यांच्या सोयीसाठी इतरांना नकार देणार नाही, असं खरेदीदाराकडून लिहून घ्यावं. क्रीडावाहिन्या विकायला लावता येतात, तर एवढं लिहून घेणं अवघड नाही. आपल्याकडेही यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायला नको. विलीनीकरणाला मंजुरी देताना त्यात बदल सुचवण्याचा आणि अटी घालण्याचा अधिकार २००२च्या स्पर्धा कायद्याने आयोगाला दिलेलाच आहे. पुढचा असा अर्ज आयोगासमोर येईल तेव्हा मराठी लेखकांच्या आणि निर्मात्यांच्या संघटनांनी तिथे लेखी म्हणणं मांडावं आणि क्रिकेटशेजारी कथा-पात्रांचा रकाना मागावा.